कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: पैसे परत कसे मागायचे

विट्याच्या (जि. सांगली) एका गृहस्थांचा प्रश्न आहे. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी एका बँकेकडून घरासाठी १२ लाखांचं कर्ज घेतलं, मुदत १५ वर्षं. आता व्याजदर कमी पडतो म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं आणि खातेउतारा काढला. उताऱ्यावर कर्ज १२ लाख ६० हजारांचं दिसतं, आणि पहिल्याच दिवशी ६०,००० रुपये विम्याच्या नावे खर्ची पडलेले आहेत. पॉलिसीचा कागद त्यांच्या हातात कधी आलाच नाही. शाखेत विचारलं तर तीन वाक्यांत वाटेला लावलं: विमा कंपल्सरी होता, सह्या तुमच्याच आहेत, आणि कर्ज बंद झालं की विमाही संपतो, परत काही मिळत नाही. पैसे मिळतील का आणि वकील लावावा लागेल का, असं ते विचारतात.

शाखेच्या तीन वाक्यांपैकी फक्त मधलं खरं असू शकतं. पहिलं आणि तिसरं बहुतेक वेळा खोटं ठरतं. पण पैसे किती मिळतील, हे कागद पाहिल्याशिवाय कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. इथे दोन वेगवेगळ्या मागण्या एकात मिसळल्या आहेत. विमा चुकीच्या पद्धतीने विकला म्हणून सगळी रक्कम परत द्या, ही एक. विमा ठीक होता असं धरलं तरी कर्ज मुदतीआधी फिटतंय म्हणून उरलेल्या काळाचे पैसे द्या, ही दुसरी. दोन्हींचा आधार वेगळा, रक्कम वेगळी. एकाच अर्जात दोन्ही कालवल्या की कंपनी सोपी आणि लहान मागणी मान्य करते आणि मोठी तिथेच मिटवून टाकते.

आधी 'कंपल्सरी' या शब्दाचा निकाल लावू. कर्जदाराने जीवनविमा घेतलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. आरबीआयच्या निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की बँकेने ग्राहकाला ठराविक कंपनीचाच विमा घ्यायला भाग पाडायचं नाही, विमाविक्री दुसऱ्या कुठल्या बँकसेवेला जोडायची नाही, आणि विमा ऐच्छिक आहे हे जाहिरातीच्या कागदांवर ठळकपणे लिहायचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही एक सेवा मिळण्यासाठी दुसरी घ्यायची अट घालणं ही प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा मानली आहे. घर तारण आहे म्हणून त्याचा आगीचा किंवा भूकंपाचा विमा बँकेने मागणं रास्त आहे. गाडीचा थर्ड पार्टी विमा तर कायद्यानेच लागतो. पण तिथेही कंपनी निवडायचा हक्क तुमचाच. तेव्हा ते ६०,००० नेमके कशाचे होते, हे आधी शोधा.

त्यासाठी बँकेकडे लेखी अर्ज देऊन चार गोष्टी मागा: मंजुरीपत्राची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा कर्जखात्याचा उतारा, विम्याच्या सभासदत्वाचा किंवा प्रपोजलचा भरलेला फॉर्म, आणि विमा प्रमाणपत्र. या कर्जविम्यात मूळ मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कर्जदारांची मिळून एक सामूहिक पॉलिसी, बहुतेक वेळा बँकेच्या नावावर असते, आपण तिचे सभासद असतो आणि आपल्याला फक्त प्रमाणपत्र मिळतं. 'पॉलिसी सापडत नाही' असं शाखेत म्हणतात ते यामुळेच. उताऱ्यावर प्रीमियमच्या नोंदीशेजारी विमा कंपनीचं नाव किंवा संदर्भ क्रमांक असतो. तो घेऊन थेट कंपनीकडे प्रमाणपत्र मागता येतं. ईमेलवर मागितलंत तर फार बरं, तारखेसकट पुरावा तयार होतो.

फॉर्म हातात आला की घाईने वाचू नका. शांतपणे टेबलावर पसरा आणि सहीपासून वर जा. सही मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत असेल, तर 'मजकूर अर्जदाराच्या भाषेत समजावून सांगितला' असं एक घोषणापत्र खाली असतं. तिथे समजावणाऱ्याचं नाव आणि सही आहे का, की रकाना कोराच आहे? मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का? शाखेतल्या कुणाचा किंवा एजंटचा नंबर टाकलेला असेल, तर ओटीपी आणि पडताळणीचा फोन कुणाकडे गेला हे आपोआप उघड होतं. वजन-उंची, वारसाचं नाव, पत्नीचं वय अशा गोष्टी वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात आणि चुकीच्या भरलेल्या दिसतात का, तेही बघा. आधी कोऱ्या फॉर्मवर सह्या आणि मग सवडीने भरणं, असं झालं असेल तर त्याची खूण इथेच सापडते.

मग आरोग्याच्या प्रश्नांकडे या. मधुमेह, रक्तदाब, शस्त्रक्रिया, तंबाखू: सगळीकडे 'नाही'वर खूण. तुम्हाला त्या वेळी मधुमेहाची गोळी चालू होती आणि तुम्हाला हे कुणी विचारलंच नाही, तर हा कागद दोन बाजूंनी महत्त्वाचा आहे. विकताना चौकशीच झाली नाही याचा तो बळकट पुरावा आहे. आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर याच 'नाही'वर बोट ठेवून कंपनीने घरच्यांचा दावा नाकारला असता. डॉक्टरांची त्या काळातली चिठ्ठी किंवा औषधांची बिलं शोधून ठेवा.

प्रमाणपत्रात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत दम आहे. संरक्षणाची मुदत किती वर्षांची? कर्ज १५ वर्षांचं आणि विमा ५ वर्षांचा, ही तफावत वारंवार दिसते. विकताना 'कर्ज फिटेपर्यंत काळजी नाही' असं सांगितलेलं असतं. विमा कुणाच्या जीवावर आहे? पती-पत्नी दोघे कर्जदार, हप्ता भरणारा एक आणि विमा भलत्याचाच, असंही होतं. संरक्षण जीवनविम्याचं आहे, की फक्त अपघात, गंभीर आजार आणि नोकरी गेल्यास दोन-तीन हप्ते? शेतकऱ्याला किंवा यंत्रमागवाल्याला नोकरी गेल्याचा विमा विकला असेल, तर तो त्याच्या उपयोगाचा नव्हताच, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि ते ६०,००० एकरकमी होते की दरवर्षी भरायचे? कर्जासाठी म्हणून पंधरा-वीस वर्षं हप्ता भरायची बचत पॉलिसी घ्यायला लावणं हा सगळ्यात वाईट प्रकार. दुसऱ्या वर्षी भरायला पैसे नसतात, पॉलिसी बंद पडते आणि पहिल्या वर्षाच्या पैशाचा मोठा भाग बुडतो.

फ्री लुक म्हणजे कागद हातात आल्यावर विचार करून विमा परत करायची मुदत. १ एप्रिल २०२४ पासून ती ३० दिवस आहे. त्याआधी साधारणपणे १५ दिवस होती, आणि फोनवरून किंवा ऑनलाइन विकलेल्या पॉलिसीला ३०. या मुदतीत परत केलं तर तेवढ्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी सगळं मिळतं. मुदत कर्जाच्या तारखेपासून मोजत नाहीत, कागद तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात. म्हणून 'प्रमाणपत्र मला आजवर मिळालेलं नाही' हे तुमच्या अर्जातलं पहिलं वाक्य असावं. आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवलं, त्याचा पुरावा कंपनीकडे मागा. सामूहिक विम्यात प्रमाणपत्रावर फ्री लुकचं कलम छापलेलं असतं का, ते मात्र पाहावं लागेल. कलम असेल आणि कागद पोचल्याचा पुरावा त्यांच्याकडे नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

आता आकड्यांवर येऊ, कारण नेमकं किती मागायचं यातच लोक चुकतात. ६०,००० रुपये कर्जात मिळवले, म्हणजे त्यांवरही व्याज चालू झालं. व्याजदर ९ टक्के धरला तर त्या ६०,००० चा वेगळा हप्ता महिन्याला ६०९ रुपये पडतो, आणि १५ वर्षांत ही रक्कम सुमारे १ लाख साडेनऊ हजारांवर जाते. तुमच्या अडीच वर्षांत, म्हणजे ३० हप्त्यांत, यापोटी साधारण १८,२५० रुपये गेले. त्यातलं मुद्दल जेमतेम ५,३०० आणि व्याज १३ हजारांच्या आसपास. विमा कंपनीने उद्या ६०,००० परत केले, तरी हे व्याज ती देणार नाही, कारण ते घेतलं बँकेने. म्हणून बँकेला लिहिताना वेगळी ओळ हवी: 'प्रीमियमच्या रकमेवर आजवर आकारलेलं व्याज माझ्या खात्यावर परत जमा करावं.' ही ओळ अर्जात नसेल तर ते पैसे विसरा. मी दिलेले आकडे ९ टक्क्यांचे आहेत. तुमचा दर वेगळा असेल, तर उताऱ्यावरून हिशेब पुन्हा मांडा.

दुसरी मागणी, उरलेल्या काळाची. इथे सरळ त्रैराशिक चालत नाही. साडेबारा वर्षं उरली म्हणून ५०,००० मिळतील, असं वाटतं. पण कर्जविम्याचं संरक्षण कर्जाच्या शिलकीबरोबर उतरत जातं, त्यामुळे सरेंडरचा, म्हणजे विमा मुदतीआधी सोडून पैसे परत घेण्याचा, हिशेबही तसाच असतो. बऱ्याच पॉलिसींत तो असा येतो: प्रीमियम, गुणिले ठराविक टक्के, गुणिले उरलेली मुदत भागिले एकूण मुदत, गुणिले आजचं संरक्षण भागिले सुरुवातीचं संरक्षण. समजा ठराविक टक्के ७० आहेत आणि विमा पूर्ण १५ वर्षांचा आहे. १२ लाख ६० हजारांपैकी तुमची शिल्लक आज साधारण ११ लाख ४८ हजार असेल, म्हणजे ९१ टक्के. मग ६०,००० × ०.७० × (१२.५ ÷ १५) × ०.९१ केल्यावर ३१,९०० च्या आसपास उत्तर येतं. टक्के आणि सूत्र प्रत्येक पॉलिसीचं वेगळं असतं, म्हणून ते कंपनीकडून लेखी घ्या आणि पडताळा. जनरल इन्शुरन्स कंपनीचा अनेक वर्षांचा विमा असेल आणि त्यात दावा केलेला नसेल, तर न वापरलेल्या वर्षांचा प्रीमियम परत मागता येतो.

या दुसऱ्या मागणीच्या फॉर्मवर आधी सही करू नका, ही माझी कळकळीची विनंती. सरेंडरच्या फॉर्मवर 'पूर्ण व अंतिम समझोता, यापुढे माझा काही दावा नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. ३१,९०० घेऊन त्यावर सही केली की ६०,००० ची आणि व्याजाची मागणी फार कमजोर होते. आधी चुकीच्या विक्रीची तक्रार निकाली निघू द्या. सरेंडर कुठे पळून जात नाही. फक्त उशीर होईल तशी त्याची रक्कम थोडी थोडी घटत जाते.

आणखी एक गोष्ट, शाखेत कुणी सांगत नाही अशी. कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसरीकडे नेलं तरी एकरकमी घेतलेला कर्जविमा मुदत संपेपर्यंत तसाच चालू ठेवायचा पर्याय सभासदाला असतो. मग दाव्याची रक्कम बँकेऐवजी वारसाला मिळते. तुम्हाला आता हृदयविकार किंवा मधुमेह झाला असेल आणि नवा टर्म विमा मिळणं अवघड असेल, तर हे संरक्षण सोडण्याआधी दहा वेळा विचार करा. मात्र फॉर्मवरची आरोग्याची माहिती चुकीची भरलेली असेल, तर ते संरक्षण कागदावरच आहे असं समजा. आधी ती माहिती लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, मग ठेवायचं की सोडायचं ते ठरवा.

तक्रार कुठे करायची, हे चूक कुणाची आणि कर्ज देणारी संस्था कोणती यावर ठरतं. पत्रं दोन वेगवेगळी लिहा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक आणि बँकेच्या शाखेला व मुख्य नोडल अधिकाऱ्याला (बँकेत तक्रारी पाहणारा वरिष्ठ अधिकारी) दुसरं. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. शाखेत हातोहात दिलं तर प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मजकूर एका पानात बसवा: कर्ज क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, कापलेली रक्कम व तारीख, काय सांगितलं गेलं, फॉर्ममधल्या चुका क्रमाने, आणि शेवटी आकड्यात मागणी. 'मला फसवलं' या वाक्यापेक्षा 'फॉर्मवरचा मोबाईल नंबर माझा नाही' हे वाक्य जास्त काम करतं. पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि ओटीपीची नोंदही याच पत्रात मागा.

विमा कंपनीने १४ दिवसांत उत्तर द्यायला हवं. नाही दिलं किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था) बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आयआरडीएआय ती कंपनीकडून निकाली काढून घेते, स्वतः निवाडा करत नाही. निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे येतात. कंपनीला लिहून एक महिना झाला किंवा तिने नकार दिला, की तिथून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकिलाची गरज नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. उलट मात्र चालत नाही: तोच वाद ग्राहक आयोगात दाखल असेल तर लोकपाल तो हातात घेत नाही. म्हणून आधी लोकपाल.

बँकेविरुद्धची तक्रार आरबीआयच्या लोकपालाकडे जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, की आरबीआयच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ती करायची. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. आणि आपल्या भागात ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं आहे, त्यांनी आरबीआयच्या दारात वेळ घालवू नये. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. कर्ज कुणाचंही असो, विमा कंपनीविरुद्धचा रस्ता सगळ्यांना सारखाच आहे.

तुमच्यासाठी तारखांचं गणित तातडीचं आहे. आरबीआयचा लोकपाल तक्रार घेताना पाहतो की बँकेकडे मूळ तक्रार मुदतीच्या कायद्यातल्या कालमर्यादेत केली होती का, आणि अशा पैशाच्या मागणीला ती साधारण तीन वर्षं धरतात. अडीच वर्षं होऊन गेलीत. म्हणजे बँकेला लेखी तक्रार पोचवायला हातात सहा महिनेही नाहीत. तोंडी विचारपूस यात मोजली जात नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. वसुली आपल्याला उताऱ्यावरूनच कळली आणि नकार आत्ता मिळाला, हे दाखवून उशीर माफ करायचा अर्ज जोडावा लागेल. आयोग सांगलीचाच चालतो, राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी पडत नाही.

ज्यांचं कर्ज १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर मंजूर झालं, त्यांचं काम थोडं सोपं आहे. त्यांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणारा कागद, मिळायला हवं, आणि त्यात विम्यासह सगळे खर्च वार्षिक टक्केवारीत धरलेले असायला हवेत. त्या कागदावर नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विमा त्यात नसेल आणि खात्यावर असेल, तर ते दोन कागद शेजारी ठेवले की पुरे.

वकिलाबद्दल: लोकपालापर्यंत नको. टक्केवारीवर पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्यांनाही लांब ठेवा. 'आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा विम्याचा परतावा मंजूर झालाय, आधी एवढी रक्कम भरा' असा फोन आला तर तो ठकसेनाचाच समजा. इंटरनेटवर शोधताना पीपीआयच्या (कर्जासोबत विकलेला हप्ता-संरक्षण विमा) परताव्याची भरपूर माहिती दिसेल. ती ब्रिटनमधली गोष्ट, आणि तिथली दाव्याची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. आपल्याकडे तशी सरसकट योजना नाही, प्रत्येकाला आपापल्या कागदांवरच लढावं लागतं.

सगळी रक्कम मिळेलच असं नाही. फॉर्म नीट भरलेला, फोन पडताळणीचं रेकॉर्डिंग तुमच्याच आवाजात आणि प्रमाणपत्र ईमेलवर वेळेत आलेलं निघालं, तर पहिली मागणी टिकणं कठीण आहे. मग सरेंडरचे पैसे घ्या आणि विषय मिटवा. पण प्रमाणपत्र पोचल्याचा पुरावा नसेल, किंवा नंबर, आजार, मुदत यांपैकी एखादी गोष्टही चुकीची निघाली, तर तक्रार नेटाने पुढे न्या.

कर्ज हलवण्याआधी दोन गोष्टी करा. जुन्या बँकेकडून ना-हरकत घेताना 'विमा प्रमाणपत्रावर बँकेचा हक्क उरला नाही' असं पत्रही घ्या, सरेंडरला किंवा विमा चालू ठेवायला ते लागतं. आणि नव्या बँकेच्या टेबलावर सह्यांचा गठ्ठा समोर येईल, तेव्हा त्यात विम्याचा फॉर्म असतोच असं धरून एकेक पान उलटा. नको असेल तर त्यावर आडवी रेघ मारून 'विमा नको, माझा स्वतःचा आहे' असं मराठीत लिहा, सही आणि तारीख टाका, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.